रशियन ट्यूब अमेरिकन म्हणून विकल्या, वर म्हणे वायरिंग तुमचंच चुकलं

घरी ट्यूब अँप (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा गिटारचा अँप्लिफायर) बांधणाऱ्यांनी हे जरूर वाचा, विशेषतः कुणी ‘जुन्या स्टॉकमधल्या, न वापरलेल्या अमेरिकन ट्यूब’ ऑनलाइन देऊ करत असेल तर. माझे साडेआठ हजार गेले. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण खरा संताप त्या माणसाच्या युक्तीचा आहे. ती युक्ती चालते फक्त हाताने अँप बांधणाऱ्यांवर.

माझा अँप सर्फ संगीतासाठी, म्हणजे गिटारवर चालणाऱ्या एका वेगवान संगीतप्रकारासाठी होता. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात गिटारवादक डिक डेल जाड तारांवर इतक्या जोराने आणि वेगाने वाजवायचा, की अँप बनवणाऱ्या लिओ फेंडरचे अँप आणि स्पीकर त्याच्यापुढे जळून जायचे. त्यातूनच पंधरा इंची जेबीएल स्पीकरचा शोमन अँप घडला. या संगीतात आवाज फाटलेला चालत नाही. प्रत्येक स्ट्रोक टणक आणि स्वच्छ हवा, आणि त्यावर स्प्रिंग रिव्हर्बचा (स्प्रिंगमधून आणलेल्या घुमाऱ्याचा) ओलसर आवाज. मी त्याच काळातल्या फेंडर बासमनचं ६जी६-बी हे सर्किट निवडलं: दोन ६एल६जीसी जातीच्या पॉवर ट्यूब, प्लेटवर (ट्यूबमधल्या तापणाऱ्या धातूच्या पत्र्यावर) साधारण साडेचारशे व्होल्ट. ६एल६जीसीची प्लेट ३० वॅट सहन करते, म्हणून ती इथे टिकते.

विक्रेत्याने अमेरिकन कंपनी आरसीएच्या ६एल६जीसीची ‘मॅच्ड पेअर’, म्हणजे सारखाच करंट घेणारी जोडी, म्हणून पाठवली. लाल छपाई अगदी ताजी, खोकं जुनाट. पैसे मात्र ‘भावाच्या खात्यावर’ यूपीआयने आधीच मागून घेतले होते.

प्रत्येक ट्यूबच्या कॅथोडला (इलेक्ट्रॉन जिथून निघतात त्या टोकाला) मी एक ओहमचा रेझिस्टर लावतो, म्हणजे त्यावर जितके मिलिव्होल्ट दिसतील तितके मिलिअँपिअर करंट. बायस (ट्यूबमधला करंट ठरवणारा व्होल्टेज) दोघींना एकच. तरी एकीवर ३८ आणि दुसरीवर २४! ही म्हणे मॅच्ड पेअर. स्पीकरमधून घुंऽऽ असा गुणगुणाट. मिनिटभरात ३८वालीचा आकडा वर सरकायला लागला. खोलीतला दिवा मालवून पाहिलं तर प्लेटच्या शिवणीवर मंद लाल पट्टा उमटला होता, म्हणजे प्लेट सोसणार नाही इतकी तापली होती. मी लगेच अँप बंद केला, कपॅसिटर डिस्चार्ज केले आणि ट्यूब बाहेर काढल्या. (हे कुणीही घाईत करू नका. स्विच बंद केल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका व्होल्टेज राहतो.)

थंड झाल्यावर अंगठ्याने चोळलं तर आरसीएचा शिक्का पुसला गेला. आता, खऱ्या जुन्या ट्यूबचीही छपाई सहज निघते, तेवढ्यावरून कुणाला चोर ठरवू नये. पण टेबल लॅम्पच्या तिरक्या उजेडात काच धरली तर खाली आधीच्या छपाईची सावली दिसत होती: सहा, मग रशियन लिपीतला ‘प’, मग तीन. म्हणजे सोव्हिएत काळातली ६पी३एस. ट्यूब वाईट नाही, स्वस्त आहे आणि कमी व्होल्टेजच्या अँपमध्ये छान वाजते. पण तिची प्लेट वीस वॅटच्या आसपासच झेपवते. साडेचारशे व्होल्टवर बसवायची ती नव्हे.

विक्रेत्याला कळवलं, तर लगेच उत्तर आलं, “साहेब, घरी जोडलेला अँप आहे. चांगल्या ट्यूब तुम्ही जाळल्या, त्या आता परत कशा घेऊ?” मग सर्किटचे फोटो मागवले आणि एकेक वायर धरून चुका काढत बसला. कंपनीचा अँप असता तर हे बोलायची सोय त्याला नव्हती. आपल्या अँपवर गॅरंटीचा कागद नसतो, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

मी एका मित्राची नव्या उत्पादनातली ६एल६जीसीची जोडी त्याच सॉकेटमध्ये, त्याच बायसवर लावली. दोन्हीकडे ३४ आणि ३५. लाली नाही, गुणगुणाट नाही. तो व्हिडिओ पाठवल्यावर म्हणाला, “माझ्या ट्यूब तुम्ही बदलल्या असतील.” पार्सल फोडण्यापासून पहिल्या मापापर्यंतचा सलग व्हिडिओ माझ्याकडे होता, तोही पाठवला. त्यावर उत्तर आलं नाही, नंबर ब्लॉक झाला.

म्हणून, पैसे देण्याआधी त्या दिवसाची तारीख लिहिलेला कागद शेजारी ठेवून काचेवरच्या आणि बेसवरच्या कोडचा फोटो मागा. अमेरिकन ट्यूबवर बहुधा कारखान्याचा आकडा असतो, आरसीएचा २७४, जनरल इलेक्ट्रिकचा १८८, सिल्व्हेनियाचा ३१२. शिक्का एकाचा आणि आकडा दुसऱ्याचा असेल तर लगेच चोर म्हणू नका, कारण कंपन्या एकमेकींच्या ट्यूब आपल्या नावाने विकत. पण विक्रेत्याला विचारा, आणि उत्तर देता आलं नाही तर तिथेच थांबा. ‘टेस्टेड’ म्हणाला तर किती व्होल्टवर, किती मिलिअँपिअर ते लिहून घ्या. अनोळखी खात्यावर आगाऊ पैसे पाठवू नका. आणि खरं सांगू का, सर्फसाठी जुन्या ट्यूबचा हट्टच नको. स्लोव्हाकियात ६एल६जीसी आजही नव्याने बनतात, आणि त्या उत्तम स्वच्छ वाजतात.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. दरम्यान तोच फोटो दुसऱ्या नावाने पुन्हा विक्रीला लागलाय. ओळखायची खूण सांगतो: फोटोतल्या डावीकडच्या ट्यूबच्या काळ्या बेसला खालच्या कडेला टवका उडालेला आहे.