पायलॉन: खरीप ते उन्हाळा वापरल्यावर

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. कपाशीच्या काळ्या मातीतून वेगळे केलेले बॅसिलस जिवाणू आमचे, सिक्वेन्सिंग (डीएनएची अक्षरं वाचणं) मात्र बाहेरून करून आणतो. नॅनोपोर या यंत्राच्या लांब रीड्सवरून (वाचलेल्या डीएनए-तुकड्यांवरून) जुळवलेला जीनोम, म्हणजे जिवाणूचा अख्खा डीएनए, एका वर्तुळात मिळतो खरा, पण एकच अक्षर सलग सात-आठदा आलं की मोजणी हुकते. आठ 'ए'चे सात झाले की वाचनचौकट (तीन-तीन अक्षरांची वाचायची विभागणी) सरकते आणि धडधाकट जीन ॲनोटेशनमध्ये, म्हणजे जीन्सच्या खुणा करताना, मोडका दिसतो. ते सुधारायला इल्युमिना या दुसऱ्या यंत्राचे छोटे पण अचूक रीड्स, आणि ते वापरून जीनोममधल्या चुका दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर, पायलॉन.

अमेरिकेतल्या ब्रॉड इन्स्टिट्यूटचं, २०१४ सालचं, जावावर चालणारं आणि फुकट. दहा लाख बेसमागे (अक्षरांमागे) साधारण एक जीबी मेमरी धरायची. बॅसिलसचा जीनोम बेचाळीस लाखांच्या आसपास, म्हणून ८ जीबीच्या जुन्या डेस्कटॉपवर निभतं. वेळ खरा खातं ते बीडब्ल्यूए या प्रोग्रामने रीड्स जीनोमवर आपापल्या जागी बसवणं. एप्रिल-मेमध्ये लाइटचा नेम नसतो, त्यामुळे बसवलेल्या रीड्सची बॅम फाइल तयार झाली की आधी तिची कॉपी, मग पुढचं.

मला सगळ्यात आवडली ती पायलॉनने केलेल्या बदलांची यादी, चेंजेस फाइल. मागितली तरच मिळते. ओळीत जुनी जागा, नवी जागा, जुनं अक्षर, नवं अक्षर. जुन्याच्या जागी नुसतं टिंब असेल तर तिथे अक्षर नव्याने घातलंय. एमएस्सीची पोरं ती जागा आयजीव्हीत (रीड्स पडद्यावर दाखवणाऱ्या प्रोग्रामात) उघडतात, रीड्सची चळत बघतात आणि मग वाद घालतात. तासभर फळ्यावर शिकवून जे डोक्यात जात नाही, ते इथे जातं.

खटकतं ते पुनरावृत्त भागांत. बॅसिलस सबटिलिसच्या १६८ या स्ट्रेनमध्ये राइबोसोमल आरएनएच्या जीन्सचे दहा संच आहेत, जवळपास एकसारखे. छोटा रीड नेमका कुठला, हे कळायला मार्ग नाही. अलाइनर (रीड्स बसवणारा प्रोग्राम) तो कुठल्यातरी एका संचावर टाकून मोकळा होतो. पायलॉन मग तिथे चूक तशीच सोडतं, नाहीतर एका संचाचं अक्षर दुसऱ्यात घुसडतं. २०२२ मधलं पॉलिपॉलिश हे तशाच कामाचं सॉफ्टवेअर इथे उजवं, कारण ते प्रत्येक रीड बसेल त्या सगळ्या जागी बसवून बघतं. (आणखी एक कटकट: पायलॉन कॉन्टिगच्या (जुळवलेल्या सलग तुकड्याच्या) नावाला स्वतःचं शेपूट जोडतं. दुसरी फेरी केली की दोन शेपटं, आणि पुढच्या स्क्रिप्ट अडतात.)

आता मी पॉलिपॉलिश आधी चालवतो. कव्हरेज (प्रत्येक जागेवर सरासरी किती रीड्स पडले ते) भरपूर असेल तरच त्यावर पायलॉन, तेही फक्त 'बेसेस', म्हणजे अक्षरांच्या दुरुस्तीपुरतं. कव्हरेज पंचवीसपटीच्या खाली असेल तर पायलॉनला हात लावत नाही. तिथे ते नव्या चुका घालू शकतं.