टाकीवाल्या प्रिंटरचा वेस्ट इंक पॅड: घ्या, पण जाडी बघून

चार तारे देतेय. पाचवा का कापला ते पुढे येईलच.

घरी शिकवणी घेणाऱ्यांना हे दुखणं कधी ना कधी भेटतंच. सराव प्रश्नपत्रिका छापता छापता शाईचा आणि कागदाचा दिवा आलटूनपालटून लुकलुकायला लागतो आणि लॅपटॉपवर इंक पॅडचं आयुष्य संपल्याचा मेसेज येतो. घाबरू नका, प्रिंटर मेलेला नसतो. हेड क्लीनिंग करताना, म्हणजे कागदावर शाई सोडणारं हेड साफ करताना, जी शाई वाया जाते ती एका नळीतून खालच्या स्पंजसारख्या पॅडमध्ये सोडली जाते. पॅड किती भिजलाय हे प्रिंटरला दिसत नाही. तो आपला सोडलेल्या शाईचा अंदाजे हिशेब मेमरीत मांडत बसतो आणि आकडा १०० टक्क्यांवर गेला की छपाई बंद, मग टाक्या काठोकाठ भरलेल्या का असेनात!

माझी वॉरंटी कधीच संपली होती. डोंबिवलीतला दुरुस्तीवाला म्हणाला, “ठेवून जा मॅडम, बघून सांगतो.” दहावीची पूर्वपरीक्षा तोंडावर असताना कसली ठेवतेय! मग पॅडचा सेट आणि मेमरीतला हिशेब शून्यावर आणणारा रिसेट कोड ऑनलाइन मागवले, दोन्ही मिळून ८०० रुपयांच्या आत.

पॅड बदलणं सोपं निघालं. माझ्या मॉडेलला मागच्या बाजूला एकच स्क्रू आहे. तो काढला की पॅडचा डबा सरकत बाहेर येतो. आत जोडलेली नळी तेवढी हलक्या हाताने सोडवायची. जुना पॅड काळाकुट्ट आणि हातात घेतला तर चांगलाच जड. खाली वर्तमानपत्राचा जाड थर आणि हातात मोजे हवेतच. सेटमध्ये मोजे नाहीत, माहितीची चिठ्ठीही नाही. तुकडे कुठल्या क्रमाने बसवायचे ते जुन्यांकडे बघून ठरवावं लागतं, म्हणून काढण्याआधी फोटो काढून ठेवा. जुने पॅड धुऊन परत वापरायचा सल्ला बरेच जण देतात. धुवा खुशाल, पण मोरीचा रंग नंतर घरच्यांना तुम्हीच समजवा. शिवाय ते वाळायला वेळ लागतो तो वेगळाच.

नुसता पॅड बदलून दिवे थांबत नाहीत, कारण मेमरीतला हिशेब तसाच राहतो. त्यासाठी तो कोड. प्रिंटर यूएसबी केबलने जोडायचा, वायफायच्या भरवशावर राहायचं नाही. लॅपटॉपवरच्या रिसेट प्रोग्रॅममध्ये आधी काउंटर, म्हणजे तोच मेमरीतला हिशेब, वाचायचा, मग कोड टाकायचा, प्रिंटर बंद करून चालू करायचा. कोड एकदाच चालतो. नेटवर फुकट मिळणारे रिसेट प्रोग्रॅम ‘अँटिव्हायरस बंद करा’ म्हणतात. ज्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार करता त्यावर असलं काही चालवू नका. काही जण नुसता कोड टाकून मोकळे होतात, पॅडला हातच लावत नाहीत. त्यांच्या टेबलाखालच्या फरशीची मला काळजी वाटते.

आता तो कापलेला तारा. नवा पॅड मूळच्या पॅडपेक्षा स्पष्टपणे पातळ आहे. शाई तो नीट शोषतो, डब्यात बसतोही बरोबर. पण शून्यावर आणलेला काउंटर मूळ जाड पॅडच्याच हिशेबाने मोजणार. म्हणजे प्रिंटर १०० टक्के म्हणेपर्यंत हा पातळ पॅड कधीच तुडुंब झालेला असेल. जाहिरातीत जाडी लिहिलेली नाही, विक्रेत्याला विचारलं तर ‘ओरिजिनलसारखाच’ एवढंच उत्तर. मी काउंटर निम्म्यावर आला की डबा उघडून बघणार आहे.

सगळ्यात जास्त शाई पॅडमध्ये जाते ती क्लीनिंगमुळेच, त्यातही पॉवर क्लीनिंग नावाच्या जोरदार सफाईने. फिकट छापलं की लगेच क्लीनिंगचं बटण दाबू नका, आधी नोझल चेकचं, म्हणजे हेडची छिद्रं बुजलीत का ते दाखवणारं, पान काढा. मे महिन्याच्या सुट्टीतही मी आठवड्याला एखादं रंगीत पान छापते, म्हणजे हेड सुकत नाही. आणि नवा प्रिंटर घेणारच असाल तर ज्यात मेंटेनन्स बॉक्स, म्हणजे वाया गेलेल्या शाईचा डबा, आपला आपण काढून बदलता येतो असं मॉडेल बघा. थोडे पैसे जास्त जातील, पण स्क्रू ड्रायव्हर लागणार नाही.