मेलची यादी साफ करायला दिली आणि गिऱ्हाइकंच उघड्यावर आली

दिवाळीच्या तोंडावर छोट्या व्यावसायिकांना सध्या एक फोन येतोय. ‘मॅडम, तुमच्या ईमेल यादीतले खराब पत्ते काढून देतो, नाहीतर जीमेल तुम्हाला ब्लॉक करेल.’ बोलणं गोड, मराठी स्वच्छ, ऑफिस अंधेरीला असल्याचं सांगतात. आम्हाला यात दहा हजारांची टोपी बसली. पण त्या दहा हजारांपेक्षा नंतर जे झालं ते जास्त जिव्हारी लागलं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

विलेपार्ल्यात मी आणि वहिनी फराळ करून परदेशी पाठवतो. स्वयंपाकघर वहिनीच्या ताब्यात, ऑर्डरी आणि कुरिअर माझ्याकडे. गणपती गेले की सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना एक मेल जातो आणि दसऱ्याच्या आसपास ऑर्डरी बंद करतो, कारण त्यानंतर पाठवलेली चकली न्यू जर्सीला पोचेपर्यंत तुळशीचं लग्न लागलेलं असतं. म्हणजे वर्षाचा धंदा त्या एका मेलवर. यादी मात्र बरीच जुनी झालेली. प्रदर्शनात लोकांनी वहीत घाईघाईने खरडलेले पत्ते, नोकरी सोडून गेलेल्यांचे कंपनीचे पत्ते, व्हीएसएनएलच्या जमान्यातलेही काही. आमचे मेल ज्या सेवेतून जातात तिने इशारा दिला होता की परत येणारे मेल फार झालेत, असंच राहिलं तर खातं थांबवू. नेमका त्याच सुमारास हा फोन आला. त्याला आमचं काही ठाऊक असायची गरज नव्हती. जुनी यादी असलेल्या कोणालाही हे वाक्य लागू पडतंच.

भीती घालायला त्याच्याकडे एक खरा आकडा होता. गुगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४पासून मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले, त्यात ०.३ टक्क्यांची मर्यादा आहे. तो म्हणाला, ‘तुमचे बाउन्स, म्हणजे परत येणारे मेल, याच्या कितीतरी वर आहेत.’ प्रत्यक्षात ती मर्यादा बाउन्सची नाहीच. मेल मिळालेल्या लोकांनी ‘हा स्पॅम आहे’ असं बटण दाबलं, त्या तक्रारींची ती आहे. अर्धं खरं सांगणारा माणूस पूर्ण खोटं बोलणाऱ्यापेक्षा पटकन पटतो.

मग त्याने नमुना मागितला. शंभरेक पत्ते पाठवले, संध्याकाळपर्यंत तपासून आले आणि निकाल अचूक होता. आंब्याच्या पेटीचा वरचा थर असतो तसा. पत्ते खरोखर तपासून देणाऱ्या सेवा सुरुवातीचे काही पत्ते फुकट तपासू देतात, तिथूनच त्याने ते काढले असणार. पूर्ण यादीसाठी साडेआठ हजार अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण १०,०३० रुपये, आगाऊ. यूपीआयवर कंपनीऐवजी कोणा बाईंचं नाव दिसलं, तर म्हणे ‘आमच्या अकाउंट्सच्या मॅडम आहेत.’

दोन दिवसांनी एक्सेल आली. हिरवे म्हणजे चांगले, लाल म्हणजे मेलेले. वहिनी सहज चाळत होती आणि तिला लाल रंगात स्वतःच्या सख्ख्या बहिणीचा पत्ता दिसला. ‘अगं, हिच्याशी तर मी काल मेलवर बोलले!’ मग मी शेजारी बसले. रेडिफमेलचे झाडून सगळे पत्ते लाल. कंपन्यांचेही बहुतेक लाल. उलट एका काकांनी वहीत जीमेलपुढे डॉट कॉमऐवजी चक्क ‘डॉट कॉन’ लिहिलं होतं आणि आम्ही ते तसंच टाईप केलं होतं, तो पत्ता हिरवागार! डॉट कॉन नावाचं काही इंटरनेटवर अस्तित्वातच नाही. म्हणजे गड्याने एकही पत्ता तपासला नव्हता, नुसते फिल्टर लावून रंग भरले होते.

खरी तपासणी कशी होते ते नंतर भाच्याने समजावलं. आधी पत्त्याची घडण बघतात. मग @ नंतरचं जे डोमेन आहे त्याच्या नावावर मेल घेणारा सर्व्हर नोंदलेला आहे का, ते. मग त्या सर्व्हरला विचारतात, ‘या नावाने मेल आला तर घ्याल का?’ आणि उत्तर आलं की मेल न पाठवताच फोन ठेवावा तसे निघून येतात. उत्तर आकड्यात येतं: २५० आलं तर होकार, ५५० आलं तर बहुधा असा माणूस नाही. पण काही कंपन्यांचे सर्व्हर कोणत्याही नावाला होच म्हणतात, त्याला कॅच-ऑल म्हणतात. काही अनोळख्याला ‘थोड्या वेळाने या’ सांगून ४५० किंवा ४५१ देतात. त्यामुळे प्रामाणिक अहवालात हिरव्या-लालखेरीज ‘सांगता येत नाही’ असा एक गठ्ठा असतोच, आणि आमच्यासारख्या यादीत तो बऱ्यापैकी मोठा असतो. आमच्या एक्सेलमध्ये तसा एकही पत्ता नव्हता.

जाब विचारल्यावर उत्तर आलं, ‘डीप क्लीनिंग घ्या, लालमधले बरेच जिवंत करून देतो.’ वर आणखी सहा हजार. बंद पडलेली मेलपेटी बाहेरचा माणूस जिवंत करू शकत नाही. जीमेलचं खातं दोन वर्षं वापरलं नाही तर गुगल ते काढून टाकू शकतं, डिसेंबर २०२३पासून तशी सुरुवातही झाली आहे. तो पत्ता गेला म्हणजे गेला. आम्ही नाही म्हटलं, फोन बंद झाला.

मग त्याचं बिल काढलं. नावापुढे प्रायव्हेट लिमिटेड. जीएसटी क्रमांक २७ने सुरू, तो महाराष्ट्राचा, तिथवर ठीक. पण या क्रमांकात तिसऱ्यापासून बाराव्या अक्षरापर्यंत पॅन असतो आणि पॅनचं चौथं अक्षर धारक कोण ते सांगतं: कंपनीला सी, व्यक्तीला पी. म्हणजे जीएसटी क्रमांकाचं सहावं अक्षर बघायचं. आमच्या ‘प्रायव्हेट लिमिटेड’चं होतं पी. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता क्रमांक टाकून बघता येतो, तिथे भलत्याच माणसाचं नाव निघालं. त्या बिचाऱ्याला पत्ताही नसेल.

एवढ्यावर थांबलं असतं तर दहा हजार पाण्यात गेले म्हणून सोडून दिलं असतं. पण ऑर्डरी सुरू झाल्यावर डॅलसहून एका काकूंचा फोन आला. ‘तुमचं पार्सल कस्टमला अडकलंय, या लिंकवर चाळीस डॉलर भरा असा मेल आलाय. पण मी तर यंदा ऑर्डर दिलीच नाही अजून!’ मेलवर आमचं नाव होतं, लाडवाचा फोटोसुद्धा. यादी तिथूनच गेली हे कशावरून? भाच्याने आमचे मेल कसे दिसतात ते बघायला आमच्या यादीत स्वतःचा पत्ता नावापुढे अधिकचं चिन्ह आणि ‘फराळ’ जोडून घातला होता. जीमेलमध्ये असा पत्ताही त्याच पेटीत येतो. तो दुसरीकडे कुठेच दिलेला नव्हता, आणि कस्टमचा मेल बरोब्बर त्यावरच आला.

ऐन तळणाच्या गडबडीत आम्ही सगळ्यांना कळवलं की आम्ही लिंकवर कधीच पैसे मागत नाही. तरी दोघांनी भरलेच होते. आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर यूपीआयचा व्यवहार क्रमांक, बिल आणि चॅटचे स्क्रीनशॉट जोडून तक्रार केली. पैसे परत आलेले नाहीत. १९३० वर मात्र पैसे गेल्या गेल्या फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आली तर काही आशा असते.

यादी यंदा घरीच चाळली. मेल पाठवणाऱ्या सेवेकडे ‘हार्ड बाउन्स’ची, म्हणजे कायमच्या बंद किंवा चुकीच्या पत्त्यांवरून परत आलेल्या मेलची, यादी तयारच असते, ते पत्ते आधी काढले. एक्सेलमध्ये डोमेननुसार क्रम लावला की डॉट कॉनसारख्या चुका आपोआप एकत्र दिसतात, आणि वही हाताशी असेल तर दुरुस्तही होतात. ज्यांनी बरीच वर्षं मेल उघडलाच नाही त्यांना ‘अजून कळवत राहू का?’ एवढंच विचारलं.

तरीही कोणाकडून तपासून घ्यायचंच असेल, तर आपल्याला पक्के माहीत असलेले पाच-सहा पत्ते पूर्ण यादीत मधे मधे पेरा: दोन चालू, दोन खात्रीने बंद, एक मुद्दाम चुकीचा. फक्त नमुन्यात नको, नमुना सगळेच नीट करून देतात. काम झाल्यावर यादी पुसणार असं लेखी घ्या, आणि यादीत नावं, फोन, घरचे पत्ते असतील तर देण्याआधी ते रकाने काढून टाका. आमच्या यादीत हे सगळं होतं, म्हणून काकूंना आलेल्या मेलची सुरुवात त्यांच्या नावाने झाली होती.