ग्राफिक्स कार्ड सापडलं नाही तर रॅमवर चालू द्यायचं, की थांबवायचं?

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत कास्टिंगचे (ओतीव भागांचे) फोटो तपासणारा एआय प्रोग्रॅम बसवताना मित्रानं विचारलं, "भावा, ग्राफिक्स कार्ड दिसलंच नाही तर? रॅमवर, म्हणजे कार्डाशिवाय साध्या प्रोसेसरवर, चालू दे, का एरर देऊन बंद पडू दे?" मी बिनधास्त म्हटलं, चालू दे की.

रॅमवर उतरण्यात सोय आहेच. कार्ड नसलेल्या घरच्या लॅपटॉपवर तोच कोड चालतो. पायटॉर्चला (एआय मॉडेल चालवायची लायब्ररी) 'कूडा आहे का?', म्हणजे एनव्हिडियाचं कार्ड वापरता येतं का, असं विचारणारी एक ओळ, आणि कार्डावर सेव्ह केलेलं मॉडेल उघडताना मॅप लोकेशनमध्ये (मॉडेल कुठं उघडायचं ते सांगणाऱ्या सेटिंगमध्ये) सीपीयू. हे दुसरं विसरलात तर मॉडेल उघडतानाच एरर. शिवाय 12 जीबीच्या कार्डात न मावणारं मॉडेल 32 जीबी रॅममध्ये मावू शकतं.

मावतं, पण पळत नाही. 12 जीबीच्या आरटीएक्स 3060 ची मेमरी सेकंदाला 360 जीबी देते, डीडीआर4-3200 रॅमच्या दोन पट्ट्या मिळून फार तर 51. भाषेचं 4 जीबीचं मॉडेल प्रत्येक टोकनला (शब्दाच्या तुकड्याला) अख्खं वाचावं लागतं, म्हणजे रॅमवर सेकंदाला बारा-तेरा टोकन ही कमाल. गप्पा मारायला बास झालं.

कास्टिंगला नाही. ड्रायव्हर अपडेट झाला, कार्ड दिसेना, प्रोग्रॅम गुपचूप रॅमवर गेला. स्क्रीनवर एरर नाही, काही नाही. फोटो रांगेत साचत राहिले आणि पट्ट्यावरचा माल निकालाची वाट न बघता पुढं गेला. जेवणाच्या सुट्टीत कुणाच्या तरी लक्षात आलं. मग सगळा ढीग हातानं परत तपासला. सकाळीच बंद पडला असता तर शिव्या बसल्या असत्या, पण दहा मिनिटांच्याच.

पिन मेमरीचं वेगळं. ती कार्डाकडे डेटा लवकर पोचावा म्हणून अडवून ठेवलेली रॅमच असते. कार्ड नसेल तर पायटॉर्च सूचना देऊन साधी रॅम वापरतो. तिथं खुशाल चालू द्या.

विंडोजवर आणखी एक गोम आहे. कार्डाची मेमरी भरली की एनव्हिडियाचा ड्रायव्हर उरलेलं रॅममध्ये सरकवतो. प्रोग्रॅम पडत नाही, रांगतो. 2023 पासून कंट्रोल पॅनलमध्ये हे बंद करायची सोय आहे. लाइनवरच्या मशीनला मी ते बंदच ठेवतो.

मित्राकडं आता कार्ड नसलं की प्रोग्रॅम सुरूच होत नाही. रॅमवर चालवायचं असेल तर कॉन्फिगमध्ये तसं हातानं लिहावं लागतं, आणि ते फक्त त्याच्या लॅपटॉपवर लिहिलंय.