जिवंत कोळंबी की रबरी आमिष?

थंडीत खाडीवर गळ टाकायला निघालेल्यांचा हा नेहमीचा घोळ. पाणी गारठलं की मासा सुस्तावतो, पाठलाग टाळतो. तिथे वासाची, जागच्या जागी वळवळणारी कोळंबी सरस. डोक्यातला काळा ठिपका चुकवून शिंगाखालून गळ ओवला, तर ती बराच वेळ जिवंत राहते. पण बादली, हवेचा पंप सांभाळा, शिवाय खर्च दर खेपेला. रबरी आमिष डब्यात पडून राहतं, पुन्हा पुन्हा चालतं. मात्र दोरी ओढताना हात सावकाश हवा, कंटाळा येईल इतका! पाकिटावरच्या रंगांच्या बढाया सोडा, गळाला लावायचं वजन हलकं घ्या.

दुपारी उन्हाने उथळ चिखल तापतो; तिथे फिरून मासा शोधणाऱ्याने रबरी घ्यावं. खोल खड्ड्यावर ठाण मांडणार असाल किंवा सोबत पोरं असतील, तर कोळंबीच.