प्रोसेसलेस प्लेट: पारख छापलेल्या शीटवरच करा

कोल्हापुरात आमची १९×२६ इंची चाररंगी ऑफसेट मशीन आहे. सीटीपीतून, म्हणजे कॉम्प्युटरवरून लेझरने प्लेट काढणाऱ्या यंत्रातून, निघालेली प्लेट सरळ सिलिंडरवर चढवायची, मध्ये प्लेट धुणारा डेव्हलपर नाही की तिला जपणारा गम नाही, अशा प्रोसेसलेस प्लेटवर आम्ही गुजरीतल्या एका सराफांचा कॅटलॉग छापला. काम मुद्दाम अवघड निवडलं. कोल्हापुरी साजाच्या मण्यांवर जिथे उजेड चमकतो, तिथे दोन-तीन टक्क्यांचे डॉट, म्हणजे छपाईचे अगदी बारीक ठिपके, असतात. प्लेट कमजोर असेल तर आधी तेच उडतात.

तोच फर्मा (एका शीटवर छापायच्या पानांचा संच) डेव्हलपरने धुवायच्या नेहमीच्या थर्मल प्लेटवरही काढला. कागद १३० जीएसएम आर्ट, स्क्रीन १७५ (एका इंचात डॉटच्या १७५ ओळी), शाई एकाच डब्यातली. दोन्ही शीट भिंगाखाली शेजारी ठेवल्या. हायलाइटचे, म्हणजे उजळ भागातले, डॉट दोन्हीकडे सारखेच गोल आणि शाबूत. काळ्या पट्टीत सहा पॉइंटात पांढऱ्या अक्षरांनी वजन-माप होतं. चार रंगांच्या काळ्यात आपले अनुस्वार आणि रफार हमखास बुजतात, इथे ते मोकळे आले. मला यातच सगळ्यात जास्त आनंद झाला. फक्त गडद सावल्यांतला तपशील जुन्या प्लेटवर किंचित जास्त उघडा वाटला.

खरी अडचण आहे ती प्लेट वाचण्याची. तिच्यावरची प्रतिमा इतकी फिकी असते की मजकुरावरून नजर फिरवणं कठीण, आणि प्लेटवरचे डॉट मोजणाऱ्या मीटरच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून प्रूफ आधीच पक्कं वाचून घ्या. कर्व्हसुद्धा, म्हणजे प्लेटवर डॉट किती लहान-मोठे काढायचे ते ठरवणारी दुरुस्ती, छापलेल्या टोन पट्टीवरून बनवा, ५० टक्क्यांचा डॉट गेन (छापताना डॉट किती फुगतो ते) शाईची घनता मोजणाऱ्या डेन्सिटोमीटरने मोजून. जुन्या प्लेटचा कर्व्ह तसाच चालवला तर त्वचेचे रंग बिघडू शकतात.

पहिली शीट बघून मत बनवू नका. नको असलेला थर मशीनवरच निघतो: फाउंटनच्या (मशीन प्लेटला लावते त्या) पाण्याने सैल होतो आणि शाईच्या चिकटपणाने उचलला जाऊन कागदावर जातो. आमच्या मशीनमनने आधी पाण्याचे रोलर लावून काही फेरे दिले, मग शाई, मग कागद. दहा-पंधरा शीटमध्ये पांढरी जागा स्वच्छ झाली. डँपनिंगचे, म्हणजे पाण्याचे, रोलर नीट बसवलेले नसतील तर पांढऱ्या जागेवरची टिंट (रंगाची फिकट झाक) रेंगाळते आणि बोल प्लेटला लागतो. रन संपतानाची शीटही जपून ठेवा. लेझरची पॉवर कमी पडली असेल तर बारीक डॉट झिजलेले तिथे दिसतात. आमच्या शेवटच्या शीटवर साजाची चमक टिकून होती.

प्लेट महाग आहे, पण प्रोसेसर धुणं, तीव्र अल्कलीचा डेव्हलपर आणि त्याच्या सांडपाण्याची कटकट संपते. प्लेट बराच वेळ उघडी राहणार असेल तर प्लेटरूममध्ये पिवळे दिवे मात्र बरे, आणि ओरखडे टाळायचे तर हाताळणी हलकी हवी. पुस्तकं, मासिकं, कॅटलॉग यांसाठी मी ही प्लेट बिनधास्त सुचवते. यूव्ही शाईवर (अतिनील प्रकाशाने सुकणाऱ्या) तिचं आयुष्य बरंच कमी होतं. त्या कामासाठी ऑर्डर देण्याआधी प्लेट किती प्रतींपर्यंत टिकेल तो आकडा लेखी मागून घ्या.