एनक्लेक्सचा ऑनलाइन वर्ग: इतिहासाचे तास उत्तम, प्रश्नसंच मात्र जुना

अमेरिकेत परिचारिका म्हणून परवाना मिळवण्यासाठी द्यावी लागणारी एनक्लेक्स-आरएन परीक्षा डोळ्यांसमोर ठेवून मी पाच महिने एका ऑनलाइन वर्गात शिकले. वर्गाचे नाव येथे देत नाही. व्याख्याने ध्वनिचित्रमुद्रित स्वरूपात असल्याने रात्रपाळी संपवून आल्यावर सवडीने पाहता येत होती, आणि शिकवणाऱ्या मॅडम ही परीक्षा स्वतः उत्तीर्ण झालेल्या होत्या.

मला सर्वांत मोलाचे वाटले ते या परीक्षेच्या इतिहासावरचे पहिले दोन तास. परिचारिकांच्या नोंदणीचा अमेरिकेतला पहिला कायदा 1903 साली नॉर्थ कॅरोलायना राज्यात झाला. पुढे प्रत्येक राज्य आपापली परीक्षा घेत राहिले, म्हणून एका राज्यातल्या गुणांचा दुसऱ्या राज्यातल्या गुणांशी मेळ बसेना. 1944 मध्ये राज्यांनी सामाईक प्रश्नपत्रिकेची योजना सुरू केली. त्या परीक्षेत वैद्यकीय, शस्त्रक्रिया, प्रसूती, बालरोग आणि मानसोपचार या पाच शाखांची स्वतंत्र तपासणी होई. परिचारिकांना परवाना देणाऱ्या राज्य मंडळांची राष्ट्रीय परिषद 1978 मध्ये स्थापन झाली आणि तिने 1982 मध्ये एनक्लेक्स आणली, तेव्हा हे पाच कप्पे मोडून रुग्णाच्या गरजांभोवती एकच परीक्षा उभी राहिली. वॉर्डात प्रसूतीची रुग्ण मधुमेहीही असते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला या बदलाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

एप्रिल 1994 पासून परीक्षा संगणकावर आली. प्रत्येक उत्तरानंतर संगणक आपल्या क्षमतेचा नव्याने अंदाज बांधतो, पुढचा प्रश्न त्या अंदाजानुसार सोपा किंवा अवघड निवडतो, आणि आपण उत्तीर्णतेच्या रेषेच्या वर आहोत की खाली याची 95 टक्के खात्री पटली की परीक्षा थांबवतो. हे मॅडमनी इतके नीट समजावले की, प्रश्न अवघड येऊ लागले म्हणजे आपले चुकते आहे, ही माझी भीती कायमची गेली. 

तक्रार आहे ती प्रश्नसंचाबद्दल, आणि ती गंभीर आहे. 1 एप्रिल 2023 पासून परीक्षेचे नवे स्वरूप लागू झाले असून त्यात 85 ते 150 प्रश्न आणि पाच तास असतात. वर्गाच्या सराव चाचण्या मात्र अजून 75 ते 265 प्रश्नांच्या जुन्याच मर्यादेवर चालतात. एका चाचणीत हृदयविकाराच्या रुग्णाला घरी सोडताना कोणत्या सूचना द्याल, असा अनेक पर्याय निवडण्याचा प्रश्न होता. रोज सकाळी वजन करणे, मीठ कमी करणे आणि पायांवर सूज आल्यास कळवणे, हे तीन पर्याय मी बरोबर निवडले, चौथा राहिला, चुकीचा एकही घेतला नाही; तरी सॉफ्टवेअरने शून्य दिले. आजच्या पद्धतीत अशा उत्तराला अंशतः गुण मिळतात. याहून मोठी उणीव म्हणजे एकाच रुग्णाच्या नोंदी, तपासण्या आणि औषधांचा तक्ता वाचून सलग सहा प्रश्न सोडवायचे ते रुग्ण-अभ्यास संपूर्ण संचात केवळ दोन होते. प्रत्यक्ष परीक्षेत किमान तीन येतात, आणि सकाळी आठच्या व दहाच्या नोंदींत काय बदलले हे हेरण्याची सवय त्यांच्याच सरावाने लागते.

ज्या वर्गाने परीक्षा कशी बदलत गेली हे इतक्या आस्थेने शिकवले, त्यानेच शेवटचा बदल आपल्या प्रश्नांत उतरवू नये, याचे मला मनापासून वाईट वाटले. मी तसे लेखी कळवले. नवा संच पुढच्या तुकडीला देऊ, असे उत्तर आले. आम्ही फी भरली ती याच तुकडीसाठी.

व्याख्यानांसाठी हा वर्ग मी मैत्रिणींना जरूर सुचवेन, पण पैसे भरण्याआधी एक पूर्ण सराव चाचणी उघडून पाहावी आणि त्यात रुग्ण-अभ्यास किती आहेत ते मोजावे. मी स्वतः शेवटच्या महिन्यासाठी नव्या स्वरूपाचा संच वेगळे पैसे देऊन घेतला.